दोन लॅपटॉपची लय सुटते तेव्हा: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

एकाच्या लॅपटॉपवर ड्रम आणि बेस, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर सिंथ, आवाजाचे तुकडे आणि इफेक्ट. सोलापुरात अशा जोडीने लाइव्ह इलेक्ट्रॉनिक वाजवणाऱ्यांचे सेटअप मी लावून देतो. फोनवर येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "दादा, दोन्हीकडं १२० च दिसतंय, तरी बसंना." (१२० म्हणजे टेम्पो, मिनिटाला १२० ठोके.) मग कुणी नवीन साउंड कार्ड घ्यायला निघतं, कुणी सगळं सॉफ्टवेअर उडवून परत टाकतं. शंभरातल्या बऱ्याच वेळा यातलं काहीच लागत नाही. खालची तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू होते. खर्चाचं आणि कटकटीचं काम मागे ठेवलंय. क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी आधीची पायरी नीट झाली आहे असं धरूनच पुढे जाते.

उदाहरणं मुख्यतः एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरची आहेत. लाइव्हमधली 'लिंक' ही नेटवर्कवरून दोन लॅपटॉपचा टेम्पो जुळवणारी सोय ट्रॅक्टर, बिटविग वगैरे सॉफ्टवेअरमध्येही आहे, त्यामुळे नेटवर्कचा भाग त्यांनाही तसाच लागू पडतो.

आधी लक्षण ओळखा

दोन्ही लॅपटॉपवरचे सगळे ट्रॅक म्यूट करा आणि फक्त मेट्रोनोम चालू ठेवा. दोन्ही एकाच मिक्सरमध्ये घ्या, एक पूर्ण डावीकडे आणि एक पूर्ण उजवीकडे, आणि वायरच्या हेडफोनवर ऐका. गाणं वाजत असताना हा दोष ओळखू येत नाही, रिव्हर्ब आणि डिलेखाली सगळं झाकलं जातं. नुसत्या टिकटिकीत तो लगेच पकडता येतो. ऐकू येईल ते यापैकी एक असेल:

- दोन टिका पुढेमागे पडतात, पण त्यांच्यातलं अंतर कायम तेवढंच राहतं. लय जुळली आहे, एकाचा आवाज उशिरा बाहेर पडतोय.
- सुरुवातीला एकत्र पडतात आणि मिनिटागणिक फाकत जातात. हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीयेत, स्क्रीनवर काहीही दिसो.
- कधी जवळ, कधी लांब, डगमगत चालतात. वायफाय, यूएसबी हब किंवा दमलेला प्रोसेसर.
- टिका तंतोतंत एकत्र पडतात, पण एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर येते. बारची, म्हणजे लयीच्या एका आवर्तनाची, मोजणी वेगळी आहे.
- मधेच दोघांचाही टेम्पो उडी मारतो. कुणीतरी तो बदलतंय.
- अर्धा तास छान चाललं आणि मग तुटलं. नेटवर्क, वीज किंवा उष्णता.

फाकत जाण्याचा हिशोब सांगतो, म्हणजे पाच मिनिटं नीट चाललं म्हणून निर्धास्त का व्हायचं नाही ते कळेल. एकीकडे १२० आणि दुसरीकडे १२०.१ असेल तर एका मिनिटात ५० मिलिसेकंदांची तफावत पडते, म्हणजे मिनिटाभरातच दोन ठोके वेगळे ऐकू येतात. पण दोन्हीकडे अगदी १२०.०० असलं आणि सिंक नसलं, तरी दोन साउंड कार्डांच्या घड्याळांचे क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. दोघांमध्ये दहा लाखात ५० इतकाच फरक धरला तरी मिनिटाला ३ मिलिसेकंद होतात. पाच मिनिटांत १५, जे कानाला फारसं कळणार नाही. वीस मिनिटांत ६०, जे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल. म्हणून कोणतीही दुरुस्ती केली की टिकटिक सलग वीस मिनिटं चालवून बघा.

अंतर किती आहे हे अंदाजाने ठरवू नका. मिक्सरमधून डावं-उजवं तसंच रेकॉर्ड करा, फाइल मोठी करून बघा, आणि दोन टोकांमधले मिलिसेकंद मोजा. दहाच्या आत असेल तर सोडून द्या. पंचवीस-तीसच्या पुढे गेलं की ड्रम दुहेरी ऐकू येतात. हा आकडा कागदावर लिहून ठेवा, तो पुढे लागणार आहे.

कान फसत नाहीत ना

ब्लूटूथ स्पीकर किंवा ब्लूटूथ हेडफोन असेल तर तो आधी काढा. ब्लूटूथवर आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, आणि दोन वेगळ्या ब्लूटूथ उपकरणांचा उशीर एकमेकांशी जुळत नाही. त्यावर बसून सिंकची परीक्षा घेता येत नाही.

दुसरं, अंतर. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. मेमधल्या चाळीस अंशांत तो किंचित वेगाने जातो, पण त्याने आपल्या कामात फरक पडत नाही. एक वादक पायाशी ठेवलेल्या मॉनिटरवर स्वतःचं ऐकतोय आणि जोडीदाराचं मात्र बारा मीटरवरच्या मोठ्या स्पीकरमधून ऐकतोय, असं झालं तर त्याला जोडीदार ३५ मिलिसेकंद मागे वाटणारच. तो मग हाताने टेम्पो ढकलतो आणि जुळलेलं बिघडवतो. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या बंद सभागृहात मागच्या भिंतीवरून परत येणारा आवाज आणखी गोंधळ घालतो. मैदानात हा त्रास कमी असतो, पण तिथे स्पीकर लांब असतात. उपाय एकच: दोन्ही लॅपटॉपचा आवाज दोघांच्याही मॉनिटरमध्ये द्या. साउंडवाल्याला हे आधी सांगितलं तर त्याला एक मिनिट लागतं, ऐनवेळी सांगितलं तर तो करत नाही.

लय खरंच एकच आहे का

लाइव्हच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लिंकचं बटण असतं. ते चालू केल्यावर त्यावर किती जण जोडले आहेत ते दिसतं. दोन लॅपटॉप असतील तर प्रत्येकाला दुसरा एक दिसायला हवा. आकडाच दिसत नसेल तर थेट पुढच्या वायफायच्या भागात जा. एकाऐवजी दोन किंवा तीन दिसत असतील तर त्या नेटवर्कवर आणखी कुणीतरी आहे: कुणाच्या आयपॅडवरचं ॲप, कुणाचा फोन. लिंकमध्ये कुणी मालक नसतो. जोडलेला कुणीही टेम्पो बदलू शकतो आणि तो सगळ्यांचा बदलतो. मधेच टेम्पो उडी मारण्याचं हे एक कारण. दुसरं कारण आपल्याच सेटमध्ये असतं: एखाद्या सीनला (एकदम सुरू होणाऱ्या क्लिपांच्या ओळीला) टेम्पो लिहून ठेवलेला असतो, तो सीन सुरू केला की दोन्ही लॅपटॉप त्या टेम्पोवर जातात. सीनची यादी वरून खालपर्यंत बघा आणि नको असलेले आकडे काढून टाका.

एका लॅपटॉपने टेम्पो एकाच ठिकाणाहून घ्यावा. लिंक तरी, नाहीतर मिडी क्लॉक (केबलवरून टिकटिक पाठवायची जुनी पद्धत) तरी. लिंकवर असताना पुढे एखाद्या ड्रम मशीनला क्लॉक पाठवायला हरकत नाही, पण घेणं एकाच दारातून.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो ते. आपल्याकडची मुलं हलगी, संबळ, ढोलकी स्वतः रेकॉर्ड करून लूप बनवतात, आणि ते फार चांगलं करतात. सोलापूरच्या हलगीचा तुटक, कोरडा ठोका विकतच्या सॅम्पल पॅकमध्ये मिळत नाही. पण सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत रेकॉर्ड केलेली हलगी क्लिकवर वाजवलेली नसते. वाजवणारा रंगात आला की लय चढते, आणि ती चढायलाच हवी. असा तुकडा ११८ वर सुरू होऊन १२३ वर संपतो. लाइव्ह त्याचा एक सरासरी टेम्पो ठरवतं आणि मधले ठोके ग्रिडच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या रेघांच्या, मागेपुढे राहतात. हा लूप एका लॅपटॉपवर आणि ड्रम दुसऱ्यावर असले की दोघांनाही वाटतं सिंक तुटलं, आणि नेटवर्कच्या मागे लागतात.

याची परीक्षा सोपी आहे. दुसरा लॅपटॉप बंद करा. ज्याच्याकडे लूप आहे त्यानेच तो लूप आपल्याच मेट्रोनोमवर वाजवावा. एकट्यानेही बसत नसेल तर दोष फाइलमध्ये आहे. क्लिपमध्ये वार्प (आवाज ताणून-आवळून टेम्पोला जुळवण्याची सोय) चालू आहे का बघा. वार्प बंद असलेली ऑडिओ क्लिप टेम्पोला जुमानतच नाही, मूळ वेगाने वाजत राहते. वार्प चालू असेल तर पहिली सम खरोखर पहिल्या ठोक्यावर आहे का बघा आणि मग प्रत्येक बारच्या समेवर एक मार्कर ठोका. प्रत्येक ठोक्यावर मात्र मार्कर लावू नका, वादकाचा तोल मरतो. बारची सम ग्रिडवर आणि आतले ठोके जसे वाजले तसे, एवढं ठेवलं की हलगी हलगीसारखी वाजते आणि लयही धरते. लांब तुकड्याचा नाद सोडून त्यातले दोन चांगले बार कापून घेतले तरी काम भागतं. ७० आणि १४० चा घोळही इथेच सापडतो: सॉफ्टवेअरने निम्मा टेम्पो धरलेला असतो, क्लिपमधलं दुप्पट करायचं बटण दाबलं की प्रश्न संपतो.

टिका जुळतात, सम जुळत नाही

दोघांचं टाइम सिग्नेचर बघा. एक केरव्याच्या अंगाने ४/४ मध्ये, दुसरा दादऱ्याच्या झोक्यासाठी ६/८ मध्ये असेल, तर लाइव्हच्या हिशोबात एकाचा बार चार क्वार्टर नोटचा आणि दुसऱ्याचा तीनचा होतो. दोघांची सम बारा क्वार्टर नोटनंतर एकदा भेटेल. ठरवून केलं असेल तर सुंदर वाटतं, नकळत झालं असेल तर पहिली ओळही बसत नाही.

ग्लोबल क्वांटायझेशन (क्लिप कोणत्या मात्रेवर सुरू व्हायची ते ठरवणारं सेटिंग) दोघांकडेही '१ बार' ठेवा. आणि प्ले दाबल्यावर आवाज लगेच आला नाही म्हणून परत परत दाबू नका. लिंक चालू असताना लॅपटॉप पुढच्या समेची वाट बघतो, तेच त्याचं काम आहे. 'स्टार्ट स्टॉप सिंक' चालू केलं तर एकाने दाबल्यावर दोन्ही सुरू होतात आणि एकाने थांबवल्यावर दोन्ही थांबतात. हे दोघांकडेही चालू हवं किंवा दोघांकडेही बंद. मी कार्यक्रमात ते बंद ठेवायला सांगतो, कारण एकाच्या चुकून दाबलेल्या स्पेसबारने दोघांचं गाणं थांबणं फार महाग पडतं.

वायफाय: दुपारी चालतं, संध्याकाळी तुटतं

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेक झकास होतो. संध्याकाळी प्रेक्षक बसले की लिंकचा आकडा येतो-जातो. लॅपटॉप तेच, सेट तोच. वाढलेत ते प्रेक्षकांच्या खिशातले फोन. प्रत्येक फोन वायफाय शोधत असतो, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन आहेत: १, ६ आणि ११.

लिंक कसं चालतं ते थोडं समजून घ्या. प्रत्येक ठोका वायफायवरून पाठवला जात नाही. लॅपटॉप आधी 'मी इथे आहे' अशी हाक सगळ्या नेटवर्कला देतात, मग आपसात छोटे निरोप देऊन-घेऊन एकमेकांच्या घड्याळातला फरक काढतात आणि त्यावरून सम कुठे पडते ते ठरवतात. म्हणून एखादा निरोप उशिरा आला तरी लय लगेच डळमळत नाही. पण ती हाक मल्टिकास्टने जाते. वायफायवर मल्टिकास्टची पोच येत नाही, हरवली तर कुणी परत पाठवत नाही. गर्दीत त्याच हाका आधी हरवतात. मग लॅपटॉप समजतो की दुसरा निघून गेला, आकडा जातो, आणि दोघंही शेवटच्या टेम्पोवर आपापल्या घड्याळाने चालू राहतात. ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी ड्रम फाटायला लागतात, आणि तोपर्यंत मूळ तुटणं कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून कार्यक्रम चालू असताना त्या आकड्यावर एक डोळा ठेवायला हवा.

तपासणी या क्रमाने करा. हॉलचं किंवा हॉटेलचं वायफाय वापरत असाल तर सोडा. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी व्यवस्था बहुतेक वेळा मुद्दाम केलेली असते. इंटरनेट सुरू असतं, यूट्यूब चालतं, पण लॅपटॉप एकमेकांना भेटत नाहीत. फोनचा हॉटस्पॉट घरच्या रिहर्सलला चालेल, कार्यक्रमाला नको. घरात पडून असलेला जुना ब्रॉडबँड राउटर आणा. लिंकला इंटरनेट लागत नाही, नुसता वीज दिलेला राउटर पुरतो. त्याला वेगळं नाव द्या, सोय असेल तर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवा आणि पासवर्ड तुम्हा दोघांशिवाय कुणालाही देऊ नका, प्रकाशयोजना करणाऱ्या मित्रालासुद्धा.

राउटर आपला असूनही एकमेकांना दिसत नसतील तर अडथळा लॅपटॉपच्या आत आहे. विंडोजमध्ये त्या नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा, आणि फायरवॉलमध्ये तुमच्या सॉफ्टवेअरला परवानगी आहे का बघा. पहिल्यांदा सॉफ्टवेअर उघडताना विचारलेल्या प्रश्नाला घाईत 'कॅन्सल' म्हटलेलं असतं, तेच पुढे त्रास देतं. मॅकमध्ये, मॅकओएस १५ पासून, प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये 'लोकल नेटवर्क' अशी वेगळी यादी आहे. तिथे तुमच्या सॉफ्टवेअरसमोरचं बटण चालू हवं. व्हीपीएन बंद करा. लॅपटॉप कंपनीचा असेल आणि ही सेटिंग बदलू देत नसेल, तर इथेच थांबा आणि कंपनीच्या आयटीवाल्यांशी बोला. जबरदस्तीने सुरक्षा सॉफ्टवेअर काढायचा खटाटोप करू नका, आणि अशा लॅपटॉपवर कार्यक्रमाची भिस्त ठेवू नका.

लॅन केबल

माझं मत विचाराल तर कार्यक्रमाला वायफाय नकोच. दोन लॅपटॉपमध्ये सरळ एक लॅन केबल टाका. कॅट ५ई किंवा कॅट ६, टेबलाच्या रुंदीपेक्षा थोडी लांब. पातळ लॅपटॉपला लॅनचं छिद्र नसतं, त्याला यूएसबीचं लॅन अडॅप्टर लागतं. नवी पेठेत दोन्ही मिळतं, आणि खर्च नव्या साउंड कार्डाच्या पासंगालाही पुरत नाही. मधे स्विच किंवा राउटर लागत नाही, वेगळी क्रॉस केबलही लागत नाही. आजच्या लॅपटॉपची पोर्टं ते आपोआप सांभाळून घेतात.

केबल लावली की दोन्हीकडे वायफाय पूर्ण बंद करा. दोन्ही चालू राहिलं तर 'जोडलंय' असं दिसतं खरं, पण कोणत्या वाटेने जोडलंय ते कळत नाही. मिनिटभर थांबा. लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. इंटरनेट नाही अशी खूण दिसेल, ती दिसू द्या. लिंकचा आकडा आला की काम झालं. केबलच्या टोकाची प्लास्टिकची चिमटी तुटलेली असेल तर ती केबल घरी ठेवा. नाचणाऱ्या टेबलावर ती हळूहळू बाहेर येते. चांगली केबलही टेपने टेबलाला चिकटवा. आणि अडॅप्टर कार्यक्रमाच्या आधी दोन-तीन दिवस लावून बघा, काहींना ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला मैदानात नेट नसतं.

डगमगणं आणि अधूनमधून तुटणं, हे दोन्ही बहुतेक वेळा इथे संपतं. अजून चालूच असेल तर पुढे चला.

उष्णता, चार्जर आणि दमलेला प्रोसेसर

होम मैदानासारख्या उघड्यावर एप्रिल-मेच्या संध्याकाळी पाचला साउंडचेक करत असाल तर लॅपटॉपची कीव करा. त्याला उन्हात ठेवू नका. आणि टेबलावर घातलेली सोलापुरी चादर दिसायला कितीही छान असली तरी लॅपटॉपच्या खालची जाळी ती पूर्ण बंद करते. खाली स्टँड द्या, निदान दोन लाकडी पट्ट्या. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग ऑडिओ वेळेत तयार होत नाही आणि कडकड ऐकू येते किंवा ठोका डगमगतो.

चार्जर लावलेला हवा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप मुद्दाम हळू चालतात. विंडोजमध्ये पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करा आणि 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, नाहीतर वीज वाचवायच्या नादात लॅपटॉप साउंड कार्डालाच झोपवतो. अपडेट, क्लाउड बॅकअप, अँटिव्हायरसचं स्कॅन, सगळं कार्यक्रमापुरतं थांबवा. साउंड कार्ड हबमधून न लावता थेट लॅपटॉपला लावा.

विंडोजवर 'लेटन्सीमॉन' नावाचं फुकट साधन आहे. ते पंधरा मिनिटं चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय ते दाखवतं. नाव वायफायच्या ड्रायव्हरचं आलं तर लॅन केबलने हाही प्रश्न सुटला म्हणून समजा. ग्राफिक्सचं किंवा बॅटरी व्यवस्थापनाचं नाव आलं तर लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून तोच ड्रायव्हर नवीन घ्या. त्यानेही भागलं नाही तर बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरू नका, जाणकाराकडे द्या.

एकाकडे लिंक नसेल तर मिडी क्लॉक

इथे वाट जुनी आहे, १९८३ च्या मिडीची. एक लॅपटॉप पाठवतो, दुसरा ऐकतो. एका क्वार्टर नोटमध्ये २४ टिक जातात, म्हणजे १२० च्या टेम्पोला दर २०.८ मिलिसेकंदांनी एक. लिंकसारखी घड्याळं जुळवायची सोय इथे नाही. प्रत्येक टिक वेळेवर पोचावी लागते, म्हणून केबल चांगली हवी आणि मधे कमीत कमी उपकरणं हवीत. पाच पिनांची केबल १५ मीटरपेक्षा लांब नेऊ नका.

एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधून पाठवायचं असेल तर मिडी सेटिंगमध्ये त्या आउटपुटला 'सेंड मास्टर सिंक' चालू करा आणि ऑप्शन्समध्ये मास्टर सिंकही चालू करा. दुसरीकडे लाइव्हमध्ये त्या इनपुटसमोर फक्त 'सिंक' चालू ठेवा आणि वरचं 'एक्स्ट' बटण दाबा. 'ट्रॅक' आणि 'रिमोट' नको असतील तर बंद करा, नाहीतर पलीकडच्या नोट इकडे वाजतात. ऐकणारा लॅपटॉप आधी तयार ठेवा, मग पाठवणाऱ्याने प्ले दाबावं. 'स्टार्ट'चा निरोप एकदाच जातो. तो चुकला तर नुसत्या टिकांवरून सम कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळत नाही.

टेम्पो भूत लागल्यासारखा चढत-उतरत असेल तर क्लॉक गोल फिरतंय. ऐकणारा लॅपटॉप तेच क्लॉक परत पाठवतोय आणि पहिला ते घेतोय. ऐकणाऱ्याच्या आउटपुटवरचं सिंक बंद करा. ऐकणाऱ्याच्या स्क्रीनवर टेम्पो ११९.८ ते १२०.२ असा थरथरताना दिसला तर घाबरू नका, क्लॉकवरून टेम्पो काढताना एवढं होतंच. टिकटिक ऐका, आकडा नको.

ठरलेला उशीर काढणं

हे शेवटी ठेवलंय, कारण अंतर कायम असल्याशिवाय ते भरून काढता येत नाही. डगमगणाऱ्या अंतरावर हा उपाय केला तर सगळं आणखी बिघडतं.

दोघांचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) आणि बफर (एका वेळी किती नमुने तयार करून पुढे द्यायचे) सारखा करा. ४४,१०० वर २५६ चा बफर म्हणजे ५.८ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २३.२. एकाकडे हा आणि दुसऱ्याकडे तो असेल तर फरक तिथेच सापडला. विंडोजवर साउंड कार्डाचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (कमी उशिराने आवाज देणारा) वापरा. मास्टरवरचा लुकअहेड लिमिटर किंवा लिनिअर फेज इक्यू काढून एकदा ऐका, ते दोन्ही पुढचं बघण्यासाठी आवाज अडवून ठेवतात.

तरीही काही मिलिसेकंद उरलेच तर सुरुवातीला कागदावर लिहिलेली मोजणी पुन्हा करा. मिडी क्लॉक असेल तर लाइव्हच्या मिडी सेटिंगमध्ये त्या पोर्टला 'मिडी क्लॉक सिंक डिले' आहे. टिकटिक ऐकत तो आकडा सरकवा, उणे आकडाही चालतो. लिंक असेल तर जो लवकर वाजतोय त्याचं आउटपुट डिजिटल मिक्सरवर तेवढ्या मिलिसेकंदांनी मागे घ्या. साउंडवाल्याच्या मिक्सरला बहुतेक वेळा प्रत्येक चॅनलचा डिले असतो. साउंड कार्ड किंवा बफर बदलला की हे सगळं परत मोजावं लागतं.

इथे थांबा

चार्जर लावल्यावर गुणगुण येते आणि काढल्यावर जाते, हा सिंकचा दोष नाही, अर्थिंगचा आहे. लॅपटॉप, साउंड कार्ड आणि मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या. तरी राहिली तर साउंडवाल्याकडून ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (विजेची थेट जोडणी तोडून आवाज पुढे देणारा डबा) मागा. प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढून टाकायला सांगितली तर ऐकू नका. त्याने गुणगुण जाईलही, पण बिघाड झाला तर करंट तुमच्या हातातून जाईल.

लॅपटॉप आणि माइक एकाच वेळी धरल्यावर झटका बसला, किंवा मंडपातले काही दिवे एकाएकी जास्त उजळले आणि काही मंदावले, तर कशालाही हात लावू नका. न्यूट्रल सुटला असण्याची शक्यता असते. तीन फेजच्या जोडणीत तो सुटला की २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब येऊ शकतो. मेन स्विच मंडपवाल्याच्या वायरमनकडून बंद करून घ्या आणि त्याने तपासून हो म्हटल्याशिवाय चार्जर लावू नका. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर हे साउंडचेकच्या आधीच त्याला विचारा.

लॅपटॉपची बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, यूएसबीचं किंवा लॅनचं पोर्ट हलत असेल, किंवा थंड खोलीत, केबलवर, रिकामा सेट लावूनही टिका डगमगत असतील, तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. घरी उघडू नका. फुगलेल्या बॅटरीला तर टोचायचंही नाही, दाबायचंही नाही आणि चार्जिंगलाही लावायचं नाही.

आणि कार्यक्रमाला एक तास उरला की शोधणं बंद. त्यानंतर सेटिंग बदलायचं नाही. दुसऱ्या लॅपटॉपवरचं जे काही ठेक्याला बांधलेलं आहे, म्हणजे हलगीचे लूप, आर्पेजिओ, बेसच्या ओळी, ते पहिल्या लॅपटॉपवरून वाजवा. दुसऱ्यावर पॅड, आवाज, लांबणारे इफेक्ट ठेवा, जे हाताने सोडले तरी चालतात. यासाठी ते ट्रॅक ऑडिओ म्हणून आधीच काढलेले लागतात, प्रत्येक फाइल पहिल्या समेपासून सुरू होणारी आणि नावात टेम्पो लिहिलेली. आदल्या रात्री त्या पहिल्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या.